वजन जास्त असंल अन् फ्लू झाला तर काय करावं

आमच्या लातूरकडं ढेरीला अजून बी खात्यापित्या घरची खूण म्हणतेत, पण व्हायरल ताप छातीत उतरला की हीच ढेरी नडती. 2009 च्या स्वाईन फ्लूत डॉक्टर लोकांच्या हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं, कोविडमधी तर सगळ्यांनीच बघितलं. पोटाची चरबी छाती अन् पोटाच्या मधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलती, मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, त्यात चरबीमुळं अंगात आधीच बारीक सूज असती अन् व्हायरसशी लढायची ताकद बी कमी पडती.

आधी बीएमआय काढा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 95 किलो अन् 1.65 मीटर म्हणजे जवळपास 35, आपल्याकडं 25 च्या वर लठ्ठच धरतेत.

ताप आला की 'बघू दोन दिवस' करू नका, फ्लूची ऑसेल्टामिविर गोळी पहिल्या 48 तासात सुरू केली तर जास्त गुण येतो, पण डॉक्टरला विचारूनच, मेडिकलवाल्याला नाही. उताणं सपाट झोपू नका, पाठीला उशा लावून टेकून बसा. ऑक्सिमीटर बोटाला लावून दिवसातून तीन-चारदा बघा, ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेलं किंवा बोलताना दम लागला की सरळ दवाखाना गाठा. शुगर बी तपासा, तापात वाढती.

आजारपणात उपास करून वजन उतरवायला जाऊ नका, ज्वारीची पेज, वरण चालू ठेवा. फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यायची.