नदीकाठी मेलेल्या माशांचा खच दिसला तर काय करावं

शिमगा सरला, उन्हं तापायला लागली आणि आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या वेदगंगेचं पाणी बंधाऱ्यांच्या बरग्यांना, म्हणजे अडवायच्या फळ्यांना, टेकून निवांत पडलं की एखाद्या सकाळी कुणीतरी गावात सांगत येतं, "मासं मेल्यात." मग सगळा गाव काठावर. फोटो निघतात, स्टेटसला लागतात, दुसऱ्या दिवशी पेपरात "मृत माशांचा खच" येतो, आणि चार दिवसांनी वास कमी झाला की विषय संपतो. कशानं मेले, हे कधीच कळत नाही, कारण जे पहिल्या दोन तासांत करायचं ते कुणी केलेलं नसतं. गेल्या काही वर्षांत मी हे इतक्यांदा केलंय की आता फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतून आधी वाट मागतो.

पहिलं काम सांगायलाही नको: जनावरं पाण्यावर नेऊ नका आणि मेलेला मासा खायचा नाही, विकायचा नाही. तरी कुणीतरी बुट्टी घेऊन आलेला असतोच. त्याच्याशी हुज्जत घालत बसू नका, पंचायतीत फोन करून दवंडी द्यायला सांगा.

दुसरं, जिथं खच दिसतो तिथं थांबू नका. जत्राट-भिवशीचा बंधारा असो की मलिकवाड-दत्तवाडचा, बंधारा म्हणजे वरून वाहत आलेलं सगळं अडवून धरणारा उंबरा. मासा मेला की बहुधा आधी बुडतो. पोटात वायू धरला की फुगून वर येतो आणि मग वाहत खाली. म्हणजे बंधाऱ्याला साठलेला फुगलेला मासा कालचा किंवा परवाचा, आणि कुठं तरी वरच्या अंगाला मेलेला. काठाकाठानं वर चालत जा. मेलेले मासे दिसायचे थांबले की ती जागा लक्षात ठेवा, वेळ लिहा, मोबाइलमध्ये लोकेशन टाका. त्या जागेच्या आसपास नाला, पाइप, नाही तर काळसर फेसाचा पट्टा आहे का बघा.

वाटेत कोण मेलंय आणि कोण जगलंय तेही बघत चला. हे मला आमच्या एका भोई मामांनी शिकवलं. मी कटला-रोहू मोजत होतो. मामा काठीनं गवत बाजूला करत म्हणाले, "मेलेलं काय मोजतासा मास्तर? मरळ जित्ती हाय का बघा की." त्या एका वाक्यात अर्धं निदान आहे. मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेऊ शकतात. पाण्यातला प्राणवायू संपला तर कटला, रोहू, मृगळ तडफडून मरतात, मोठे आधी आणि बारीक नंतर, पण मरळ तग धरते. उलट मरळ, खेकडे, बेडूक, झिंगे, पाण्यातले किडे सगळं एकदमच मेलं असेल, आणि बारीक मासे आधी गेले असतील, तर विषाचा संशय घ्या: फवारणीचं औषध, ब्लीचिंग पावडर, असलं काही. एकाच जातीचे थोडे-थोडे मासे आठ दिवस मरत असतील, अंगावर जखमा असतील, तर तो रोग. काठावर उभं राहून "विष टाकलं, विष टाकलं" म्हणणाऱ्यांनी यातलं काहीच बघितलेलं नसतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मी बघितलेले बरेचसे मासे विषानं मेलेच नव्हते. गुदमरले होते.

आता नमुना. इथं मी स्वतः दोनदा तोंडावर पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा मी दुपारी अकराला बंधाऱ्यावरचे चांगले टपोरे आठ मासे प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि मोटारसायकलला अडकवून प्रयोगशाळेत नेले. तिथल्या बाईंनी पिशवी उघडली, बंद केली, आणि म्हणाल्या, "हे मासे नाहीत, हे खत आहे." बरोबरच बोलल्या. कुजलेल्या माशातून काही कळत नाही. पाहिजे तो मासा अजून अर्धवट जिवंत असलेला, कडेला एका अंगावर कलंडलेला, किंवा नुकताच मेलेला. ओळखायचं कसं? कल्ल्याचं झाकण अंगठ्यानं उचला: आत लालभडक असेल तर घ्या, फिकट किंवा करडं असेल तर सोडा. डोळा काचेसारखा स्वच्छ पाहिजे, दुधाळ झालेला नको. असे चार-पाच मासे वेगवेगळे अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचे, मग पिशवीत, आणि पिशवी बर्फाच्या डब्यात. रोगाचा संशय असेल तर बर्फात ठेवा, पण गोठवू नका.

दुसरी चूक पाण्याची, आणि ही शिकल्या-सवरलेल्यांकडूनही होते. एका वर्षी तक्रार केल्यावर एक अधिकारी दुपारी दोनला आले, मीटर बुडवलं, आकडा दाखवला: लिटरला सात मिलिग्रॅम प्राणवायू. "पाणी उत्तम आहे," म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं की आकडा खरा होता, वेळ खोटी होती. साठलेल्या हिरव्या पाण्यात शेवाळ असतं. दिवसा ऊन खाऊन ते प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि पाण्यातले जिवाणू तो खाऊन टाकतात. सगळ्यात कमी आकडा असतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. मासे मरतात तेही तेव्हाच. त्यात पाणी जितकं तापलेलं तितका प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. तीनच्या खाली गेलं की कटला-रोहू तोंड वर काढून आ वासतात. त्यात वरून मळीचं पाणी सुटलं तर विचारूच नका. डिस्टिलरीच्या अशा पाण्याचा बीओडी, म्हणजे कुजताना ते किती प्राणवायू खाणार त्याचं माप, लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्याही वर असतो. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे ३० ची. मळी माशाला विष म्हणून मारत नाही, त्याच्या तोंडचा श्वास काढून घेते.

तेव्हा पाणी पहाटे घ्या. आज उशीर झाला असेल तर उद्या पहाटे परत जा, पण जा. आणि साध्या बाटलीत भरून नेलेल्या पाण्यातून प्राणवायूचा आकडा मिळत नाही, कारण वाटेत तो बदलतो. तो जागेवरच धरून ठेवावा लागतो. कुठल्याही सायन्स कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली आणि दोन द्रावणं मिळतात: मँगेनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. सरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि हातमोजे घाला, दुसरं द्रावण कातडी भाजतं. बाटली पाण्याखाली वाकडी धरून हळू भरायची. बुडबुडा आत राहिला तर सगळं मुसळ केरात, ओतून परत भरा. दोन्ही द्रावणं मापानं, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा, बूच लावा, चार-पाचदा उलटीसुलटी करा. आता बघा. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढरा बसला तर नाही. एका पहाटे टॉर्चच्या उजेडात पांढरा साका बसताना मी बघितला आणि शेजारी उभ्या पोरांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढचं मोजमाप कॉलेजात करून घ्या.

बाकीच्या तपासणीसाठी एकेक लिटर पाणी तीन ठिकाणचं: मासे मेले त्याच्या वरचं, तिथलं आणि खालचं. वरचं पाणी लोक हमखास विसरतात, आणि तेच नसेल तर "आधीपासूनच असं होतं" म्हणायला समोरचा मोकळा. औषधाचा संशय असेल तर काचेची बाटली. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ पेन्सिलीनं लिहा, शाई बर्फात पसरते. २४ तासांच्या आत पोचवा.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर चिडचिड नको. तुमचा नमुना कोर्टात चालत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं, संबंधिताला नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीनं घ्यायचा असतो. तुमच्या बाटलीचा उपयोग एवढाच की साहेबांना दुपारी दोनऐवजी पहाटे पाचला यायला कारण मिळतं.

तक्रार कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, प्रत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आणि मत्स्य खात्याला. कानडीत लिहून घ्या. इथं अभिमान नंतर, मासे आधी. पण आपली वेदगंगा-दूधगंगा महाराष्ट्रातून येते, त्यामुळं "हे वरून आलंय, आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. म्हणून तेच पत्र मराठीत कोल्हापूरला महाराष्ट्राच्या मंडळालाही त्याच दिवशी टाका, आणि दोन्ही पत्रांत दुसऱ्या पत्राचा उल्लेख करा. पोच घ्या.

राहिले मासे. पंचनामा आणि नमुने झाल्याशिवाय पुरू नका, झाल्यावर एक दिवसही ठेवू नका. खड्डा पुराच्या रेषेच्या वर, विहिरीपासून लांब, माणसाच्या छातीएवढा खोल. थर माशांचा, थर चुन्याचा, वर किमान तीन फूट माती. वर बाभळीच्या काट्या टाकून दगड ठेवा. आम्ही एकदा काट्या टाकायच्या विसरलो, तर रात्रीत कुत्र्यांनी खड्डा उकरला आणि सकाळी शाळेच्या पायरीवर कटल्याचं एक अख्खं डोकं होतं.