ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायच्या आधी हे करा

मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात थोडा वेळ बसा, एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, आण्णांना काय सांगू नका, सही आम्ही करतो." प्रेमापोटीच असतं ते, मान्य. पण पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, त्याला कळतंय, तर सही त्याचीच लागते, पोराची किंवा नवऱ्याची चालत नाही. २००८ ला सुप्रीम कोर्टानं समीरा कोहलीच्या केसमध्ये हेच सांगितलं, बाई दुर्बिणीनं तपासणी करायची म्हणून सही देऊन टेबलावर गेली आणि ती भुलीत असताना आईची सही घेऊन गर्भपिशवीच काढली, कोर्ट म्हणालं आईची सही इथं चालणार नाही. जीवच धोक्यात असला तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर थांबत नाहीत आणि थांबूही नये.

तर पहिलं काम, पेशंटलाच विचारा. "आण्णा, रिपोर्टचं सगळं तुम्हाला सांगायचं का ताईला सांगू?" ते म्हणाले मला नको, तुम्हीच बघा, तर तोही त्यांचाच निर्णय, डॉक्टरांना सांगून फाईलवर लिहून घ्या. लपवून काय होतं माहितीय का, घरातले सगळे कुजबुजायला लागले, पुण्याची लेक अचानक सुट्टी टाकून आली की माणूस ओळखतोच, फक्त मग भीती वाटली तरी बोलायला त्याला कोण उरत नाही.

दुसरं, वेळ बघा. "गाठ आहे" एवढं ऐकलं की पुढचं काही डोक्यात शिरत नाही, डॉक्टर बोलत राहतात आणि पेशंट हो हो करत मान हलवतो, वर "तुम्हीच देव" म्हणतो. ती संमती कसली! त्यामुळं ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर झोपवून फॉर्म पुढं आला की उशीर झालेला असतो. आदल्या दिवशीच सिस्टरकडनं मागून घ्या, सावकाश वाचा. नेमकं काय करणार, नाही केलं तर काय होईल, दुसरा इलाज आहे का, धोका कशाचा, भूल कसली, ऑपरेशन कोण करणार, हे सगळं विचारा, डॉक्टर घाईत असले तरी विचारा. कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको.

अथणी, विजापूरकडनं आलेल्यांना मराठी फॉर्म देऊन उपयोग नाही, वॉर्डात कन्नड येणारं कोणीतरी सापडतंच, त्यांना बोलवा. शाळकरी नातवाला मधे घालू नका, आजोबांचा कॅन्सर त्या पोरानं कसा सांगायचा?

मग सगळ्यात कामाची गोष्ट, पेशंटला म्हणा, "आता तुम्ही मला सांगा उद्या काय करणार आहेत." उत्तर "पोटाचं कायतरी" असं आलं तर डॉक्टरांना परत बोलवा, लाजायचं कारण नाही.

नको म्हणायचाही हक्क आहे, सही केल्यावरसुद्धा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे. सल्ल्याविरुद्ध घरी न्यायचं झालं तर डामाचा, म्हणजे सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेतोय असं लिहिलेला कागद पुढं येईल, तोही वाचूनच सही करा. आणि कागदपत्रांची कॉपी लेखी मागा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणं ७२ तासांत द्यावी लागते.