ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलताय? टॉर्क कन्व्हर्टर निवडताना या चुका टाळा

कळंबोलीहून ठाण्याकडे निघालेला एक भरलेला टिपर मुंब्रा बायपासच्या चढावर उभा राहिला आणि मालकाचा फोन आला. "दादा, रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी हलत नाही." जाऊन डिपस्टिक ओढली. लाल तेल काळपट तपकिरी झालेलं, जळका वास हाताला चिकटला. गिअरबॉक्स महिन्याभरापूर्वीच बदललेला, टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, जुन्या बाजारातला. स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) बसली, बोल्टची भोकं जुळली, म्हणून चढवलेला. घोळ तिथेच झाला होता.

आपल्याकडे बहुतेक ट्रक क्लच प्लेटचेच. पण काही टिपर, बंदरातले यार्ड ट्रॅक्टर, अग्निशमनाच्या गाड्या ऑटोमॅटिकवर चालतात. त्यांचा गिअरबॉक्स बदलताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सला बसतो का, एवढंच पाहिलं जातं. तो इंजिनाला जुळतो का, हे आधी पाहायला हवं.

ब्रेक दाबून, गाडी गिअरमध्ये टाकून पूर्ण रेस दिली की इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं, तो स्टॉल स्पीड. विकणारा सांगतो, "1800 चा आहे." विचारा, कुठल्या इंजिनावर 1800? हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच. कन्व्हर्टर जेवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतो तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 400 न्यूटन मीटरच्या इंजिनावर 1800 ला अडकणारा कन्व्हर्टर 800 न्यूटन मीटरच्या इंजिनामागे लावला, तर 1800 गुणिले 1.41, साधारण 2540 वर जाईल. आणि अनेक मोठ्या डिझेल इंजिनांचा गव्हर्नर, म्हणजे आरपीएमला लगाम घालणारा भाग, 2500 च्या आसपासच आवरतो. मग चढावर इंजिन शेवटच्या आरपीएमवर ओरडत राहतं, ताकदीचा मोठा हिस्सा तेल तापवण्यात जातो. त्या टिपरचं नेमकं हेच झालं होतं: हलक्या इंजिनाचा कन्व्हर्टर, भारी इंजिनामागे.

उलटी चूकही होते. स्टॉल फार खाली ठेवला, तर टर्बोचा दाब तयार होण्याआधीच इंजिन दाबलं जातं. सिग्नल सुटला की काळा धूर, आणि गाडी ओढत नाही. लोक इंजेक्टर उघडून बसतात, दोष मागे असतो. आजच्या बऱ्याच मोठ्या टर्बो डिझेलचा पूर्ण टॉर्क 1200 ते 1600 आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. आपल्या इंजिनाचा टॉर्कचा आलेख मिळवा आणि स्टॉल त्या पट्ट्यात किंवा जरासा वर ठेवा.

लॉक-अपकडे दुर्लक्ष करू नका, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो. लॉक-अप क्लच म्हणजे कन्व्हर्टरच्या आतला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच. तो लागला की घसर संपते, तेल थंड राहतं. खंडाळ्याचा घाट उतरताना तर एक्झॉस्ट ब्रेकचा जोर चाकांपर्यंत नीट पोहोचायला लॉक-अप लागलेलाच हवा, नाहीतर सगळा भार पायातल्या ब्रेकवर. डिझेलचे झटके पेट्रोलपेक्षा जोरदार. पेट्रोल इंजिनासाठी बनवलेली एकेरी लॉक-अप प्लेट इथे घसरते आणि गाडी थरथरते. झटके झेलणाऱ्या डँपर स्प्रिंगा धड आहेत का, तेही बघा.

जुना गिअरबॉक्स जळून गेला असेल, तर ऑइल कूलर आणि त्याचे पाइप धुतल्याशिवाय नवीन कन्व्हर्टर लावू नका. शंका वाटली तर कूलरच बदला. त्यातला चुरा पहिल्याच दिवशी नव्या मालात उतरतो.

बसवताना घाई नको. आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता. मग हातानं फिरवत आत ढकला. इनपुट शाफ्ट, स्टेटर, पंप, तिन्ही ठिकाणी तो एकेक पायरी आत सरकतो, हाताला 'टक' कळतो. शेवटचा टक चुकला तर कन्व्हर्टरचा हब (मागचा नळीसारखा भाग) पंपाच्या खाचेत गेलेलाच नसतो. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा, आणि त्याच्या व फ्लेक्स प्लेटच्या (इंजिनाच्या शाफ्टवरची, कन्व्हर्टर जोडायची पातळ प्लेट) मध्ये फट राहायला हवी. बऱ्याच गिअरबॉक्सना ती 3 ते 5 मिलिमीटर असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फट नसेल तर बोल्ट आवळून जुळवू नका, पहिल्या स्टार्टलाच पंप फुटेल. बोल्टही मूळ लांबीचेच हवेत. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो, आणि लॉक-अप प्लेट तिथेच घासते.

गिअरबॉक्सचा प्रकारच बदलत असाल, म्हणजे मॅन्युअलच्या जागी ऑटोमॅटिक, तर काम सुरू करण्याआधी ठाणे, वाशी किंवा पनवेल, जिथली गाडी असेल त्या आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

शेवटी स्टॉल टेस्ट. चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक, पायाचा ब्रेक, समोर कुणी उभं नको. रेस 5 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. स्टॉलवर इंजिनाची सगळी ताकद उष्णता होते. 100 किलोवॅट 10 लिटर तेलात गेले, तर ते सेकंदाला साधारण 6 अंशांनी तापतं. आकडा लिहून घ्या, गाडी न्यूट्रलला टाका आणि दोन मिनिटं 1000 आरपीएमवर चालू द्या, म्हणजे तेल कूलरमधून फिरून थंड होईल. दुसरी टेस्ट त्यानंतरच.