नियमित लिहायचंय, पण सुचत नाही? या चुका टाळा

पाडव्याला संकल्प होतो: दर आठवड्याला एक लेख. वैशाख सरेपर्यंत गाडी अडते आणि दोन तक्रारी सुरू होतात, ‘विषयच सुचत नाहीत’ आणि ‘मूड लागत नाही’. दोन्हींचं मूळ बहुधा एकच असतं. वहीत विषयांची यादी असते, पण पाहिलेलं-ऐकलेलं काहीच टिपलेलं नसतं.

यादी कशी असते? पाऊस. आई. मोबाइलचं व्यसन. मराठीची अवस्था. ही शाळेतल्या निबंधांची शीर्षकं झाली. ‘पाऊस’ समोर ठेवून बसलात तर मातीचा वास, कांदाभजी आणि खिडकी यापलीकडे काही येणार नाही. सगळ्यांना तेच येतं.

त्यापेक्षा एखादी दिसलेली वस्तू आणि तिच्यामुळे पडलेला प्रश्न लिहून ठेवा. मे महिन्यात अलिबागच्या बाजूला गेलात, तर पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला टांगलेल्या दिसतात. ‘छान दृश्य’ असं टिपून काही हाती लागत नाही. कांदे सुटे न विकता माळ का विणतात? टांगली की वारा लागतो, कांदा टिकतो. पण एवढा टिकवायचा कशाला? इथे आगोट निघते, म्हणजे किनाऱ्यावरच्या घरांतली पावसाळ्याची बेगमी. कांदे, मसाला, पापड आणि अर्थातच सुकट, बोंबील, सोडे. कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याचाही भरवसा नाही. आता खरा प्रश्न: दारात दुकान आणि घरात फ्रीज असताना आजही आगोट का भरतात? आजेसासूला विचारा, किती माणसांना किती सुकट लागते हे ती कशावरून ठरवते. एका माळेतून दोन-तीन लेख सहज निघतात, आणि त्यातला एक पावसावरचाच असतो.

दुसरी चूक, ‘घरी गेल्यावर लिहू’. घरी जाईपर्यंत आशय राहतो, तपशील उडतो. जागच्या जागी फोनमध्ये मराठीत बोलून टिपून ठेवा, पण पूर्ण वाक्य. नुसतं ‘कांदा’ लिहिलंत तर आठवड्याने ती वाण्याची यादी वाटेल. विकणारी बाई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत हवं.

मूडची गोष्ट वेगळी. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजवर मराठीतलं कितीतरी चांगलं लेखन संपादकाने मागे लागून, तारीख देऊन लिहून घेतलेलं आहे. स्वतःच स्वतःला दिलेली तारीख मात्र कुचकामी, ती आपण हसत हसत पुढे ढकलतो. ‘शुक्रवारी लेख पाठवतो’ असं कुणाला तरी सांगून ठेवा; तो माणूस जरा खवचट असेल तर उत्तमच.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे, कामावर जाण्याआधी, घड्याळ समोर ठेवून तो दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. हे वाचून उद्यापासून तसाच गजर लावणं ही आणखी एक चूक. त्याचा आकडा घेऊ नका, ठरलेली वेळ घ्या. डबा भरून झाल्यावरची वीस मिनिटंही चालतील.

लेख अर्ध्यावर अडला तर प्रतिभेला दोष देण्याआधी माल संपलाय का ते बघा. बहुतेक वेळा तोच संपलेला असतो. अशा वेळी शब्द ताणत बसू नका, कुणाला तरी फोन करून आणखी दोन गोष्टी विचारा.

दिनविशेषांवर विसंबणंही महागात पडतं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, जो तो अमृताते पैजा जिंकतो. तुम्ही त्या दिवशी एटीएमवरचं मराठी वाचा आणि त्यावर लिहा.

आणि खंड पडलाच, महिना-दीड महिना काही लिहून झालं नाही, तर ‘बरेच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व’ने सुरुवात करू नका. राहिलेल्या लेखांची भरपाई म्हणून एकदम तीन लिहायलाही बसू नका. वहीतलं सगळ्यात ताजं टिपण काढा आणि थेट कांद्याच्या माळेपासून सुरू करा.