मॅजिकमध्ये क्रीचर मेलं की जगलं? या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत कुणाच्या तरी खोलीवर रविवारी 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाचा डाव बसला की तासाभरात एक भांडण ठरलेलं. एक जण म्हणतो, "मेलं की रे ते!" समोरचा कन्नडमध्ये म्हणतो, "इन्नू सत्तिल्ला!", म्हणजे अजून मेलं नाही. जज कोणी नसतो, कार्ड इंग्रजीत असतं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं क्रीचर, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड, जगतं. मला याचं वाईट वाटतं. रिचर्ड गारफिल्डने रचलेला हा खेळ 1993 मध्ये आला. त्यात जगण्या-मरण्याचा हिशोब अगदी स्वच्छ ठेवलेला आहे. तो कळला की डावाची मजा दुप्पट होते.

पॉवरला पॉवर लावू नका

कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 2/2, 1/4 असे आकडे असतात. पहिला पॉवरचा, म्हणजे किती मारतं त्याचा; दुसरा टफनेसचा, म्हणजे किती सोसतं त्याचा. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं खेळलेली पोरं सवयीने मोठा आकडा बघतात आणि निकाल लावून मोकळी होतात. इथे माझी पॉवर तुझ्या टफनेसला लागते, तुझी माझ्या टफनेसला, आणि दोन्ही एकाच वेळी. 3/1 ने अटॅक केला आणि 2/3 ने ब्लॉक केलं तर दोन्ही मरतात. 3/3 समोर 1/4 उभं राहिलं तर कुणीच मरत नाही. फर्स्ट स्ट्राइक असलेलं क्रीचर मात्र आधी मारतं. त्या घावात समोरचं मेलं तर उलट मार बसतच नाही.

आणखी एक, आत्ताच टेबलावर आलेलं क्रीचर सहसा अटॅक करू शकत नाही, पण ब्लॉक बिनधास्त करू शकतं.

डॅमेजने टफनेस कमी होत नाही

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. 5/5 ला 3 डॅमेज बसलं की लोक कार्डावर फासा ठेवतात आणि त्यावर 2 लावतात, म्हणजे "टफनेस दोनच उरला". हे चूक. टफनेस 5 च आहे आणि क्रीचरवर 3 डॅमेज नोंदलेलं आहे. नोंदलेलं डॅमेज टफनेसएवढं किंवा जास्त झालं की क्रीचर नष्ट होतं.

फरक कुठे पडतो? एक तर, टर्न कुणाचीही असो, ती संपताना सगळ्या क्रीचरवरचं डॅमेज पुसलं जातं. दोनचा फासा कार्डावर तसाच राहिला की पुढच्या टर्नला धडधाकट 5/5 उगाच मरतं. दुसरं म्हणजे, +1/+1 काउंटरसाठीही (क्रीचरचे दोन्ही आकडे एकाने वाढवणारी खूण) आपण फासेच वापरतो, ते टर्न संपल्यावर जात नाहीत आणि कुठला फासा कशाचा हेच कळेनासं होतं. डॅमेजसाठी वेगळ्या रंगाचा फासा ठेवा, त्यावर बसलेलं डॅमेज लावा, उरलेला टफनेस नव्हे, आणि टर्न संपली की तो उचला.

मग 2/2 ला जायंट ग्रोथ या +3/+3 देणाऱ्या कार्डाने टर्नपुरतं 5/5 केलं आणि त्यावर 4 डॅमेज बसलं, तर टर्न संपताना मरेल का? नाही. डॅमेज पुसणं आणि टर्नपुरता वाढलेला जोर उतरणं एकाच क्षणी होतं. पण ग्लोरियस अँथममुळे (टेबलावर असेपर्यंत आपल्या क्रीचरना +1/+1 देणारं कार्ड) 3/3 झालेल्या 2/2 वर 2 डॅमेज असेल आणि त्याच टर्नमध्ये कुणी अँथम उडवला, तर टफनेस लगेच 2 वर येतो आणि क्रीचर तिथल्या तिथे मरतं.

जायंट ग्रोथ कधी टाकता यालाही महत्त्व आहे. तुमच्या 2/2 वर ग्रोथ टाकला आणि समोरच्याने उत्तरादाखल शॉक (2 डॅमेज देणारं कार्ड) मारला, तर शेवटी टाकलेला शॉक आधी लागू होतो. 2 डॅमेज, क्रीचर गेलं, ग्रोथ वाया. उलट, त्याला शॉक आधी टाकू द्या आणि मग ग्रोथने उत्तर द्या, म्हणजे क्रीचर वाचतं.

इनडिस्ट्रक्टिबल म्हणजे अमर नव्हे

डार्कस्टील कोलोसस हे क्रीचर 11/11 आणि इनडिस्ट्रक्टिबल आहे, म्हणजे ते नष्ट होत नाही. त्याच्यावर हवं तेवढं डॅमेज करा, ते उभंच राहतं. पण टफनेस 0 किंवा त्याखाली गेला की क्रीचर "नष्ट" होत नाही, ते सरळ ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या आणि वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातं. तिथे इनडिस्ट्रक्टिबल कामाला येत नाही. टॉक्सिक डेल्यूज या कार्डासाठी स्वतःचे 11 लाइफ मोजून सगळ्या क्रीचरना -11/-11 दिलं की कोलोससही टेबलावरून जातो (फक्त त्याच्या कार्डावरच्या नियमामुळे तो ग्रेव्हयार्डऐवजी मालकाच्या गड्डीत मिसळला जातो). डिसफिगर या कार्डाचं -2/-2 हेही डॅमेज नव्हे. ते टफनेसच खाली आणतं.

जुने नियम सोडा

दादालोकांकडून खेळ शिकलेल्यांच्या डोक्यात अजून जुने नियम असतात. लढाईचं डॅमेज स्टॅकवर (लागू व्हायची वाट बघणाऱ्या गोष्टींच्या रांगेत) ठेवून मधेच क्रीचर बळी देण्याची युक्ती 2009 मध्ये बंद झाली. एका अटॅकरला दोघातिघांनी ब्लॉक केलं की त्यांचा क्रम लावायचा, ही पद्धतही नोव्हेंबर 2024 मध्ये गेली. आता अटॅकरचा मालक डॅमेज ब्लॉकरमध्ये हवं तसं वाटतो. मात्र ट्रॅम्पल या गुणाने उरलेलं डॅमेज खेळाडूला द्यायचं तर आधी प्रत्येक ब्लॉकरला मरण्यापुरतं द्यावं लागतं. सोबत डेथटच (ज्याचं कितीही थोडं डॅमेज मारक ठरतं तो गुण) असेल तर प्रत्येकी 1 पुरतं.

टार्मोगॉयफवर बोल्ट

टार्मोगॉयफ या क्रीचरची पॉवर म्हणजे सगळ्या ग्रेव्हयार्डमध्ये मिळून जेवढ्या प्रकारची (क्रीचर, लँड, इन्स्टंट वगैरे) कार्डं असतील तेवढी, आणि टफनेस त्याहून एक जास्त. समजा, तिथे फक्त एक क्रीचर आणि एक लँड आहे. टार्मोगॉयफ 2/3 झाला. तुम्ही लाइटनिंग बोल्टने 3 डॅमेज मारलं आणि हात पुढे केला. थांबा. बोल्ट आपलं काम करून स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो आणि कोण मेलं ही तपासणी त्यानंतर होते. बोल्ट इन्स्टंट आहे, म्हणजे एक प्रकार वाढला, टार्मोगॉयफ 3/4 झाला, आणि 3 डॅमेज घेऊनही जगला. म्हणून बोल्ट मारण्याआधी प्रत्येकाचं ग्रेव्हयार्ड चाळा. टार्मोगॉयफ 2/3 असेल आणि कुठे इन्स्टंट आधीच पडलेला नसेल, तर तो बोल्ट दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा.