रेलिंगचे गज सारख्या अंतरावर : माझा अनुभव

खानापूरच्या एका घराच्या गॅलरीचं रेलिंग स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढत होतो. दोन खांबांमध्ये 2400 मिमी मोकळी जागा, 20 मिमीचे चौकोनी गज. लहान मुलं असलेलं घर, म्हणून फट 100 मिमीच्या आतच हवी. मूव्ह टूल (वस्तू सरकवायचं साधन) आणि कंट्रोलची की वापरून गजाची कॉपी करता येते, पण पहिला गज खांबाला चिकटवावा तर शेवटचाही चिकटतो. सोडून लावावा तर कडेच्या फटी वेगळ्याच, मधल्यांशी जुळतच नाहीत.

यावर उपाय असा निघाला. गजाचा आधी कॉम्पोनंट, म्हणजे एकसंध वस्तू, केला. मग एक गज चक्क डाव्या खांबाच्या पोटात ठेवला, त्याची उजवी कड खांबाच्या आतल्या कडेला लावून. त्याची कॉपी उजव्या खांबाच्या पोटात, डावी कड आतल्या कडेला. दुसरं काही क्लिक न करता लगेच /22 टाइप करून एंटर. मधे 21 गज उभे राहिले! पोटातले दोन पुसून टाकले.

हिशोब सोपा आहे. या दोन गजांमधलं मध्य ते मध्य अंतर 2400 अधिक 20, म्हणजे 2420. भागिले 22 केलं की 110. त्यातून गजाची जाडी वजा, फट 90, कडेलाही तेवढीच. जितके गज हवेत त्याहून एक जास्त आकडा टाकायचा, एवढंच.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रींना मात्र मी 90 ऐवजी 110 हाच आकडा लिहून दिला. ‘फट नको सांगू बाबा, मध्य ते मध्य सांग,’ म्हणाले. पहिल्या गजाचा मध्य खांबापासून 100 वर.