किमान अंतर राखून रँडम बिंदू टाकताना या चुका टाळा

समजा पुण्यातल्या तळजाई टेकडीवर रोपांसाठी जागा ठरवायच्या आहेत. जागा कुठलीही चालेल, पण दोन रोपांत किमान 5 मीटर अंतर हवं. असे बिंदू टाकणारा कोड सुरुवातीला सुसाट पळतो आणि मग अडकून बसतो.

मावणारच नाहीत इतके बिंदू मागणं. लूप संपत नसेल तर आधी हेच तपासा. 100 बाय 100 मीटरच्या तुकड्यात रँडम पद्धतीने असे बिंदू तीनशेच्या आसपासच मावतात. मधमाशीच्या पोळ्यासारखे शिस्तीत मांडले तर 400 सहज बसतील, पण रँडम बिंदूंमध्ये अशा फटी उरतात की त्यांत नवा बिंदू बसतच नाही. म्हणून सलग किती अपयशांनंतर थांबायचं, याची मर्यादा घालाच.

प्रत्येक नवा बिंदू सगळ्या जुन्यांशी ताडणं. बिंदू दहापट झाले की काम शंभरपट होतं. त्याऐवजी ग्रिड वापरा, म्हणजे जागेचे सारखे चौकोन पाडून फक्त आसपासचे चौकोन तपासा, आणि चौकोनाची बाजू अंतर भागिले √2 ठेवा, म्हणजे इथे सुमारे 3.54 मीटर. मग कर्ण 5 मीटरचा होतो आणि एका चौकोनात एकच बिंदू राहतो.

खरी गोची इथेच होते. बाजू सरळ 5 मीटर घेतली, तर एका चौकोनात दोन वैध बिंदू येऊ शकतात. ग्रिडमध्ये चौकोनामागे एकाच बिंदूची नोंद असल्याने दुसरा पहिल्याला पुसतो, आणि पुसलेल्या बिंदूशेजारी तिसरा बिनदिक्कत येऊन बसतो. एरर काही येत नाही! बाजू 3.54 ठेवून फक्त 3 बाय 3 शेजार पाहिला, तरी हाच घोळ. 5 बाय 5 पाहावा लागतो.

ब्रिडसनची पद्धत अर्धवट उचलणं. रॉबर्ट ब्रिडसन यांनी 2007 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सक्रिय यादीतला (ज्यांच्याभोवती अजून जागा असू शकते अशा बिंदूंतला) एक बिंदू निवडून त्याच्याभोवती, एकपट ते दुप्पट अंतराच्या कड्यात, 30 उमेदवार तपासतात. एकही बसला नाही तरच तो यादीतून काढायचा. पहिल्याच अपयशाला काढलात तर नकाशावर मोठी भगदाडं दिसतील. कड्यात उमेदवार समान पसरायला हवे असतील, तर त्रिज्या = अंतर × √(1 + 3य) घ्या; य म्हणजे 0 ते 1 मधली रँडम संख्या.

अक्षांश-रेखांशात अंतर मोजणं. पुण्यात अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटर, रेखांशाचा साधारण 105. आधी यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) झोन 43 उत्तरमध्ये रूपांतर करा, म्हणजे सगळं मीटरमध्ये येईल.

कोड बदललात की छोट्या तुकड्यावर, ठरावीक सीड (दर वेळी तेच रँडम आकडे देणारी सुरुवातीची संख्या) देऊन, सगळ्या जोड्यांचं अंतर एकदा मोजा. सर्वात कमी अंतर 5 च्या खाली गेलं, तर आधी ग्रिडचाच भाग उघडून बघा.